निशाणीच्या जागी चौकोन

संपादकसाहेबांनी फोनवर बजावलं, "मास्तर, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा." हलकंफुलकं माझ्याकडे एकच आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्यावर ठपका नको.

उदगीरकडचे एक गृहस्थ जीपगाडी करून माझ्याकडे आले. बरोबर दोन भाऊ, एक चुलता आणि काच लावलेली फ्रेम. फ्रेमवर हळदीकुंकवाचा थर. घराण्याला कोण्या राजाने दिलेली सनद म्हणून चार पिढ्या तिला उदबत्ती ओवाळत आलेले. मोडी कोणाला येत नव्हती, म्हणून वाचून घ्यायला आले. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. तो निघाला माफीनामा. यांच्या पूर्वजाने दुसऱ्याच्या उभ्या हरभऱ्यात शेळ्या घातल्या होत्या आणि पाटलासमोर कान धरून 'पुन्हा असे होणार नाही' म्हणून लिहून दिलं होतं. चुलता हात जोडून उभा होता. मी घसा खाकरला आणि बिनधास्त सांगितलं, "सनदच आहे. फक्त राजाचं नाव पुसट झालंय." माणसं खुशीत गेली. खोटं बोलायला मला तेव्हा काहीच जड गेलं नाही.

झालं हलकंफुलकं. आता माझं काम सांगतो.

मी मोडी वाचतो. माझे मामा पटवारी होते. निजामाच्या अमदानीत सरकारचा कारभार उर्दूत चालायचा, पण गावातला पटवारी आपल्या घरी मोडीतच लिहायचा. मामांनी मला लहानपणी मोडी शिकवली ती रुळाने बोटांवर मारून. बोटं अजून वाकडी आहेत, पण लिपी पक्की बसली. लातूर-नांदेड पट्ट्यात आता मोडी सराईतपणे वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत मी पहिला. हा गर्व आहे. असू द्या. त्याच गर्वाने पुढे घात केला, तेही सांगणारच आहे.

मोडी कागदाच्या पुढच्या बाजूला मजकूर असतो आणि पाठीमागे साक्षी. साक्ष घालणाऱ्या दहा माणसांत लिहिता येणारा एखादाच. मग बाकीचे काय करायचे? अंगठा लावायची रीत नंतरची. त्याआधी माणूस आपली निशाणी काढायचा. कुणबी नांगर काढायचा, कुंभार चाक, न्हावी आरसा, परीट मोगरी, चांभार आरी. महार घुंगूरकाठी काढायचा, म्हणजे गावच्या वेशीची राखण करणारा वेसकर फिरताना हातात धरायचा ती घुंगरं लावलेली काठी. पटवारी नाव लिहायचा, 'अमुक वल्द तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आणि शेजारी त्या माणसाच्या हाताने ते छोटंसं चित्र. आडनाव नाही, जात लिहिलेली नाही. निशाणी बघितली की माणूस कोणत्या घरचा ते कळायचं. एका गावात एकाच जातीची दोन घराणी असली तर निशाणीतही फरक असायचा. एका घराचा नांगर उजवीकडे तोंड करून, दुसऱ्याचा डावीकडे. मला ही पाठीमागची पानं मजकुरापेक्षा जास्त आवडायची. लिहिता न येणाऱ्या माणसाचा हात तेवढा एकाच ठिकाणी बघायला मिळायचा, म्हणून मी त्यावर रेंगाळायचो.

काही वर्षांमागे एका खाजगी कंपनीने पटवारी घराण्यांची जुनी दप्तरं गोळा करून ती संगणकात घालायचं काम काढलं. लातूरला गोदाम घेतलं, मला वाचक म्हणून नेमलं. पुढच्या बाजूचं स्कॅनिंग व्हायचं आणि मी मजकूर देवनागरीत टाइप करायचो. पाठीमागच्या पानांशी अडलो. नावं टाइप होत होती, नांगर कसा टाइप करायचा?

इथं बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागेल. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि तो जगभर सगळ्यांनी मान्य केलेला असतो. म्हणून इथला 'क' अमेरिकेतल्या संगणकावरही 'क'च दिसतो. मोडीलाही असे क्रमांक मिळालेत. एवढंच काय, लाओसकडच्या डोंगरात हमोंग नावाचे लोक आहेत, त्यांच्या एका लिपीत कुळाकुळांसाठी वेगळ्या खुणा आहेत, आणि त्या खुणांनासुद्धा जगाच्या यादीत आपापले क्रमांक आहेत. हे वाचलं तेव्हा मी त्या न पाहिलेल्या लोकांवर जळलो होतो. आमच्या नांगराला, चाकाला, काठीला क्रमांक नाही. आमच्या निशाण्या कोणाच्या यादीतच नाहीत.

तेव्हा मी नांदेड गाठलं. तिथं शबाना आपा लग्नपत्रिका आणि बॅनर छापायचं दुकान चालवतात. जुन्या मराठी फॉन्टची त्यांना नस न नस माहीत. मी कागदावर निशाण्या काढून दाखवल्या. आपा म्हणाल्या, "मास्टर, फॉन्टमधी काही खाने रिकामे असतात. त्यात तुमचा नांगर बसवून देते. तुम्ही बटन दाबलं की नांगर येईल. पर एक बात ध्यानात ठेवा, हे आपल्या दोघांच्या मशीनवरच दिसनार. दुसरीकडं फॉन्ट नसंल तर कायबी दिसंल." मी मान हलवली आणि ते वाक्य तिथंच सोडून आलो.

काम सुरेख झालं. नवी निशाणी निघाली की मी आपांना फोन करायचो, त्या ती काढून फॉन्टात बसवायच्या. मला त्याचा इतका कैफ चढला की कंपनीला मीच सांगितलं, पाठीमागची पानं स्कॅन करायची गरज नाही, मी निशाण्यांसकट टाइप करतो, उगाच वेळ कशाला घालवता. साहेबांना तेच हवं होतं. गठ्ठा संपला की ते माझ्यापुढे छापील दाखला ठेवायचे: 'सर्व मजकूर साक्षी व निशाण्यांसह संगणकात उतरवून तपासला आहे. मूळ कागद जपण्याची गरज नाही.' मी झोकात सही करायचो. दाखल्यात फॉन्ट माझाच म्हणून लिहिलं होतं. आपांचं नाव घालायचं मी राहू दिलं, म्हणजे घातलं नाही. त्यांच्या कानावर ते गेलं आणि आमचं बोलणं बंद झालं. कागद लगद्याच्या कारखान्याकडे गेले.

पुढे कंपनीने सगळी माहिती नव्या व्यवस्थेत नेली. त्या यंत्राने ओळखीची अक्षरं ठेवली आणि जिथं जिथं अनोळखी खूण दिसली तिथं एक रिकामा चौकोन टाकला. नांगराच्या जागी चौकोन, चाकाच्या जागी चौकोन, काठीच्या जागीही तोच. जुन्या फायली पुसल्या गेल्या. मी तोवर काम सोडून घरी बसलो होतो. मला कोणी कळवलं नाही, आणि मीही कधी चौकशी केली नाही.

मग गौतमराव आले.

किल्लारीच्या बाजूचं एक गाव. गौतमराव गवंडीकाम करतात, भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या कितीतरी घरांना त्यांचा हात लागलाय. बरोबर त्यांची लेक प्रज्ञा. लातूरला राहून शिकलेली, सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागलेला. घराण्यातली पहिली. प्रवेश कायम राहायचा तर जात पडताळणीचा दाखला ठरल्या मुदतीत द्यायला हवा, आणि त्यासाठी पणजोबा-आजोबांच्या काळचा जुना पुरावा.

"माझ्या बापाचं नाव शाळेच्या रजिस्टरात होतं सर," गौतमराव म्हणाले. "शाळा भूकंपात पडली, रजिस्टर मातीत गेलं. भावकीत कुनी पडताळनी केलेली न्हाई. शिरूर अनंतपाळच्या एका वकिलानं सांगितलं, तुमच्या गावच्या शिवेचा कागद हाय, मोडीवाल्या मास्तरानं वाचलाय. आमच्या आज्याचं नाव धोंडी वल्द सटवा. हाय का बघा की."

मी ऐकताच म्हणालो, "आहे. चांगलं आठवतंय."

आणि खरंच आठवत होतं. दोन गावांची शिव ठरवल्याचा तो कागद. शिवेचं भांडण लागलं की शेवटचा शब्द वेसकराचा असायचा. त्याने शिवेवरून चालत जायचं, तो जिथून चालला ती शिव. धोंडी वल्द सटवा चालला होता. त्याच्या नावाशेजारी घुंगूरकाठी होती आणि तिला तीन घुंगरं होती. इतर गावांत मी दोनच घुंगरं पाहिली होती. या गावात वेसकरकी करणारी दोन घराणी होती, म्हणून एकाने तिसरं घुंगरू काढून आपलं घर वेगळं दाखवलं होतं. त्या तिसऱ्या घुंगरासाठी मी आपांना मुद्दाम फोन केला होता. असली गोष्ट मी विसरेन कसा?

गौतमराव म्हणाले, "माझ्या बापानं दीक्षा घेतली अन् त्याच दिवशी ती काठी चुलीत घातली सर. घुंगरं जळंनात, ती तेरणा नदीत टाकली. म्हनला, पुन्हा ह्या घरात हा आवाज नको. अन् आता आमी तीच काठी हुडकून राहिलो."

प्रज्ञा खाली बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "काळजी करू नका. उतारा काढून देतो."

कंपनीकडून उतारा आला. पुढच्या पानाचं स्कॅन झकास, पण तिथं 'वेसकर शिवेवरून चालला' एवढंच, नाव नाही. पाठीमागची नावं ओळीने टाइप केलेली, आणि प्रत्येक नावापुढे रिकामा चौकोन. 'धोंडी वल्द सटवा', चौकोन. पाटलापुढेही चौकोन. मी तो कागद उलटा-सुलटा केला, दुसऱ्या संगणकावर पाहिला, तिसऱ्यावर पाहिला. तेव्हा मला आपांचं वाक्य आठवलं.

सुनावणी लातूरला होती. पडताळणी समितीत कागद तपासणाऱ्या मॅडम शांत बाई होत्या. माणसाला घाईत टाकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी उतारा वाचला, माझा दाखलाही वाचला.

"मास्तर, हे चौकोन काय आहेत?"

"निशाण्या होत्या, मॅडम. धोंडीपुढे घुंगूरकाठी होती."

"आणि नांगर नव्हता कशावरून?"

"मी पाहिलंय. मीच टाइप केलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही शपथेवर नक्की सांगत असाल तर मी तसं नोंदवते. मुलीच्या बाजूने ते बघता येईल. पण मग तुमच्या या दाखल्याबद्दलही लिहावं लागेल. निशाण्यांसह उतरवलं, मूळ कागद नकोत, असं तुम्ही सही करून दिलंय, आणि निशाण्या तर इथं नाहीत. त्याची चौकशी होईल. तेव्हा विचार करून सांगा. तुम्हाला हेच गाव, हेच नाव, हीच निशाणी नक्की आठवते?"

त्यांनी धमकी दिली नव्हती. जे खरं तेच सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे दाखले आले. कितीतरी गावं, कितीतरी घराणी, आणि प्रत्येकाच्या खाली माझी झोकदार सही. वर्तमानपत्रात काय छापून येईल ते दिसलं. लातूर-नांदेडचा पहिला मोडीवाचक.

मी म्हणालो, "इतक्या गावांचे कागद वाचलेत, मॅडम. सरमिसळ होऊ शकते. खात्रीने नाही सांगता येणार."

मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या, "आणखी काही आधार असेल तर मुदत संपायच्या आत आणा." गौतमराव माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस, गडबडला.

बाहेर आल्यावर त्यांनी मलाच चहा पाजला. "सर, तुमी तरी काय करनार. वय झालं. आमच्यासाठी लई केलं तुमी." प्रज्ञा चहाला थांबली नाही. रिक्षा बघते म्हणून पुढे गेली.

मुदतीत मी घराबाहेर पडलो नाही. नांदेडला जाऊन आपांना विचारायचं मनात दहादा आलं, पण त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो? त्यांना विचारायचं म्हणजे आधी कबूल करावं लागणार होतं. दावा नामंजूर झाला. प्रज्ञाची जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणाला गेली. हे मला वकिलाकडून कळलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी नांदेडला गेलो. आपा काउंटरवर होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दाखल्यात त्यांचं नाव गाळल्यापासून सुनावणीपर्यंत. त्या ऐकत राहिल्या आणि आत गेल्या. येताना जुनी फाइल घेऊन आल्या. छपाईच्या धंद्यात प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय पुढचं काम करत नाहीत, म्हणजे नंतर नाव चुकलं म्हणून कोणी भांडायला नको. आपांनी माझ्या प्रत्येक निशाणीचं प्रूफ काढून माझी सही घेतली होती. फोनवर सांगितलेल्याचीही, पुढच्या खेपेला गेलो की आधीच्या सगळ्या प्रूफांवर सह्या करून घ्यायच्या. कोणत्या कागदातली निशाणी ते मी खाली लिहायचो, सही ठोकायचो आणि विसरून जायचो. त्यांनी एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. वर तीन घुंगरांची काठी. खाली माझ्याच हाताने गावाचं नाव, 'धोंडी वल्द सटवा, शिवेचा कागद', तारीख आणि सही.

"हे इथंच होतं मास्टर," आपा म्हणाल्या. "एक फोन केला असता तर. आपलं बोलनं बंद होतं, तरी मुलीसाठी करायचा."

त्यांनी फाइल पिशवीत घालून दिली. सगळीच दिली. म्हणाल्या, "बाकीच्या गावांचीबी हाय यात. आता तरी नीट सांभाळा."

मी प्रूफ घेऊन समितीकडे गेलो आणि यावेळी काठीचं आणि दाखल्यांचं सगळं सांगितलं. दाखल्यांची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. तिचं काय व्हायचं ते होवो. वकिलाने दावा पुन्हा उघडायला लावला आणि प्रज्ञाला दाखला मिळाला. पण जागा गेली ती गेली. तिने पुन्हा परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. घरच्यांना आणखी एक वर्ष क्लास झेपणारा नव्हता. आता ती लातूरला एका तपासणी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि बाहेरून पदवी करते.

दाखला मिळाल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. रविवार होता, ती गावाकडे आलेली. गौतमराव कामावर होते. मी ते प्रूफ तिच्यासमोर ठेवलं. तिने काठी पाहिली, घुंगरांवरून बोट फिरवलं. रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला खरंच आठवत नव्हतं, का भीती वाटली?"

खोटं बोलायला जागा होती. माझं वय होतं, माझे पांढरे केस होते. मी म्हणालो, "आठवत होतं. भीती वाटली."

ती मान हलवत राहिली. मग प्रूफ घडी करून माझ्या हातात परत दिलं.

"पप्पांना सांगू नका," ती म्हणाली. "ते अजून गावभर सांगत फिरतात की सरांनी आपल्यासाठी लई केलं. तेवढं तरी राहू द्या."

मी बरं म्हणालो. आत चहा ठेवते म्हणाली, पण मी थांबलो नाही.

त्याला वर्ष होऊन गेलं. गौतमराव मधूनमधून फोन करतात, तब्येत विचारतात. एकदा बाजाराला आले तेव्हा पिशवीभर सीताफळं देऊन गेले. मी घेतली. माझ्याच्याने ती खाववली नाहीत.

प्रज्ञाला दिलेला शब्द मी मोडतोय, हे मला कळतं. पण हा माणूस माझे उपकार मानत मरावा हे मला सहन होत नाही. हा अंक छापून आला की मी किल्लारीची बस धरणार आहे. त्यांना वाचता येतं, तरी समोर बसून हे मीच वाचून दाखवीन.